पोरी नव्हे, पत्रावळी

धुळ्याहून मास्तरणीची परीक्षा पास होऊन मी भडगावच्या अलीकडच्या एका गिरणाकाठच्या गावात आले, तेव्हा मला तेविसावं वर्ष चालू होतं आणि डोक्यात हवा भरलेली होती. स्वातंत्र्य यायला अजून दहा-बारा वर्षं होती. मारुतीच्या देवळाच्या ओसरीत मुलींचा वर्ग सुरू करायचा, आणि चाळीस मुली दाखवता आल्या तरच तो पुढे चालू ठेवायचा, असा वरचा हुकूम होता. चाळीस! मी मनात म्हटलं, एवढ्या तर एका गल्लीत सापडतील.

गावात नजर टाकावी तिकडे पोरंच पोरं. ओट्यावर, झाडावर, नदीत, म्हशीच्या पाठीवर. मोठं माणूस एक दिसलं तर त्याच्या मागेपुढे तीन शेंबडी. मी वही घेतली, पदर खोचला आणि दारोदार निघाले. प्रत्येक दारात उभी राहून चांगल्या खणखणीत आवाजात विचारायची, "ताई, मुली किती?"

आणि काय सांगू, त्या गावात मुलीच नव्हत्या! कुणी म्हणे, "शेतस दोन-चार, देवनी दया," म्हणजे आहेत दोन-चार, देवाची कृपा. कुणी नुसतं हसे. कुणी चौघींची आई म्हणून मला पक्की ठाऊक, ती एक बोट दाखवी. शेजारच्या घरात तर कहरच झाला. तिथली बाई माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. तिची सहा-सात वर्षांची मुलगी रोज माझ्या ओट्यावर येऊन पाटीवर रेघोट्या ओढायची. त्या दिवशी ती आईच्या लुगड्याचा पदर धरून मागे उभी, आणि आई मला तोंडावर सांगते, "माले पोर नही."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी म्हटलं, "अहो, ही काय मग? आकाशातून पडली?" तिनं माझ्या नाकासमोर दार लावलं.

मीही हट्टाला पेटले. बसा म्हटलं, तुम्हाला शिकायचंच नसेल तर माझं काय जातंय! रागाच्या भरात, सांगितलं तेवढंच लिहिलं आणि एकोणीस मुलींची यादी धाडून दिली. ही माझी चूक. ती मी आजही कबूल करते.

महिन्याभरानं डिपोटी साहेबांचं पत्र आलं. शाळा तपासणारे ते अधिकारी. त्यांनी लिहिलं होतं, की या यादीप्रमाणे तुमच्या गावात बहुतेक मोठी माणसंच राहतात असं दिसतं. आम्ही येऊन एकदा पाहू आणि मग वर्ग बंद करू. वाचून मी कपाळावर हात मारला. अर्धं गाव ज्यांनी भरलेलं, ती पोरंच कागदावरून गायब! आणि ती मीच केली होती.

त्या दिवशी मी रडले, खोटं कशाला सांगू. गावची सुईण, जिला सगळे अक्का म्हणत, ती दारावरून जात होती. तिनं ऐकलं आणि आत येऊन बसली. मग तिनं मला शेजारणीची गोष्ट सांगितली. तिला आधी तीन झाली होती. एका साली देवीची लस टोचणारा आला, त्यानं दारात उभं राहून पोरं मोजली, कागदावर लिहिली. पुढच्या उन्हाळ्यात गोवर आला आणि पंधरा दिवसांत तिन्ही गेली. मग ही झाली. तेव्हापासून त्या बाईनं "मला मूल आहे" हे शब्द तोंडातून काढले नव्हते.

"पोरं मोजतस का कोठे, बाई?" अक्का म्हणाली. "नजर लागस."

मला माझा तो खणखणीत आवाज आठवला आणि लाज वाटली. मी विचारलं, "अक्का, मग साहेबाला दाखवू काय?"

अक्कानं तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली आणि म्हणाली, "पोरेस्ले मोजू नको. जेवाले घाल. मंग पत्रावळी मोज."

पोरींना जेवू घालायला नाही म्हणणारी आई खानदेशात अजून जन्मायची आहे! अक्का घरोघर फिरली. कुणी गव्हाचं पीठ दिलं, कुणी डाळ, कुणी टोपलीभर वांगी, कुणी तूप. साहेब यायच्या दिवशी देवळामागच्या लिंबाखाली कणकेच्या गोळ्यांच्या बट्ट्या भाजल्या, वरणाचा हंडा चढला. आणि पोरी आल्या. तेल लावून, वेण्या घालून, धाकट्यांना कडेवर घेऊन आल्या. पिंजाऱ्याच्या घरच्याही दोघी आल्या. पंगती तेव्हाच्या रीतीप्रमाणे वेगवेगळ्या बसल्या, ते मला खटकलं, पण त्या दिवशी मी जीभ आवरली.

डिपोटी साहेब घोड्यावरून उतरले ते बघतच राहिले. जेवणं झाली, पोरी हात धुवायला पळाल्या, आणि मी म्हटलं, "साहेब, आता मोजा पत्रावळी." भला माणूस, हसला आणि काठीनं एकेक पत्रावळ दाखवत स्वतः मोजू लागला. एकसष्ट! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पण साहेबांनी मान हलवली. "बाई, मला पटलं. पण पत्रावळीला नाव नसतं. हजेरीबुकात चाळीस नावं पाहिजेत, आईबापांनी सांगितलेली. नाहीतर माझ्याही हातात काही नाही."

झालं! सगळ्या बाया झाडाच्या सावलीत डोक्यावर पदर ओढून उभ्या. कुणी हलेना. मी हजेरीबुक उघडून पाटावर बसले. मी कुणाला काही विचारलं नाही. कुठल्या तोंडानं विचारणार होते?

तेवढ्यात शेजारीण पुढे आली. मुलीचा दंड तिनं इतका घट्ट धरला होता, की पोर कळवळली. ती माझ्यासमोर बसली. आणि आवाज असा निघाला की पार नदीपर्यंत गेला असेल.

"चार व्हयनात. तीन गयात. ही मनी आंडेर शे. हिले लिखी ले."

'मनी आंडेर', माझी लेक, असं ती भर गावात म्हणाली, आणि तिनं तिचं नाव सांगितलं. मी लिहिलं. घाईत अक्षर वाकडं आलं. ते पहिलं नाव कागदावर पडलं मात्र, आणि बायांनी गलका केला! "मनी दोन लिख!" "मन्या तीन शेतस, लिख!" दोघी तर आधी कोण यावरून भांडल्या. साहेबांनी टोपी काढून घाम पुसला आणि माझी दौत स्वतःच्या हातात धरली, कारण खाली ठेवायला जागाच उरली नव्हती. अठ्ठावन्न नावं झाली. वर्ग राहिला. पुढे त्याची चौथीपर्यंत शाळा झाली, आणि त्या गावच्या पोरी वाचायला लागल्या. जिंकलो आम्ही, चांगल्या वाजतगाजत जिंकलो!

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरी झाडत होते, तर शेजारीण लेकीला घेऊन हजर. इतर कुणी अजून आलं नव्हतं. म्हणाली, "ते बुक काढ." मी काढलं. "हिनं नाव कोठे शे?" मी बोट ठेवून दाखवलं. तिनं त्या वाकड्या अक्षरांवरून हलकेच अंगठा फिरवला.

"वाच," ती म्हणाली.

मी वाचलं.

"आखो एकदाव. मोठ्यानं वाच."