मामींचा ळ

भजनात कोणी 'गोपाला' म्हटलं की मामींची पेटी तिथल्या तिथे थांबायची. "जीभ वर वळव गं, टाळूला लागू दे. मोडत नाही ती!" म्हणायच्या, आणि 'गोपाळा' असा स्वच्छ ळ ऐकू आल्याशिवाय भाता हलायचा नाही. आम्ही उज्जैनच्या बायका. शाळा हिंदीत, भाजीवाल्याशी हिंदी, घरात पोरांशीही निम्मी हिंदीच. आमच्या नानाखेड्याच्या कॉलनीतल्या दत्ताच्या देवळात, गुरुवारी संध्याकाळी, मामींच्या धाकाने तेवढा ळ तोंडात यायचा.

मामी म्हणजे आमच्या महिला भजनी मंडळाच्या सर्वेसर्वा. माझ्या नात्याच्या नव्हेत, सगळ्या कॉलनीच्याच मामी. एक ळ सोडला तर बाकी कशाचाच हट्ट नाही. 'बघू तरी!' हा त्यांचा शब्द. टावर चौकात नवं काही खायला मिळू लागलं, बघू तरी. डॉक्टरांनी सांगितलं, आता गायचं नाही, पेटीही ओढायची नाही, छातीला सोसणार नाही. तेव्हाही रिक्षात बसताना मला म्हणाल्या, "चला, आता नुसतं ऐकून बघू तरी." त्यांचं ठीक होतं, मला मात्र रडू आवरेना.

पेटी त्यांनी नीलूला दिली. नीलू आमच्या शेजारच्या घरची सून, माहेर माळव्यातल्या खेड्यातलं. मराठी कळायची, बोलायला यायची नाही. गळा गोड, पण ळचा पत्ता नाही. "मामीजी, ये वाला मेरे से नहीं होता," असं तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. माझं तर डोकंच फिरलं. कुसुमवहिनी तडकून म्हणाली, "मग आता देवळात लग्नातलं लेडीज संगीत करायचं का? मी नाही येत जा!"

"किती जणी उरलोय आपण, बघ जरा," मामी म्हणाल्या. "माझ्यामागे पेटीवर धूळ बसवायची, की नीलूला बसवायचं?"

कुसुमवहिनी आली, पण तोंड फुगवून. मामी मागे, दाराजवळ चपला काढतात तिथे बसू लागल्या. नीलूने ढोलक आणली, तिच्या माहेरच्या चाली आणल्या. आम्ही नाकं मुरडायचो आणि मामी मागून ओरडायच्या, "ए, परत वाजव! बघू तरी हात कुठे पडतो." एकदा देवळाची पायरी उतरताना मात्र म्हणाल्या, "आवडतं गं मला तिचं. पण बोटं शिवशिवतात."

नीलूने ळ सोडला नव्हता. पोळ्या लाटताना घोकायची, म्हणे. दुपारी मामी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायच्या आणि चुकला की पोळपाटावर टिचकी मारायच्या.

मग मामींना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. बोलणं हळूहळू परत आलं, पण जड. जरा बसता येऊ लागल्यावर त्यांनी एकच धोशा लावला, मला गुरुवारी देवळात न्या. खुर्चीसकट उचलून नेलं. आता डॉक्टरांचं ऐकायला त्या तयार नव्हत्या.

गजर आला. नीलूच्या तोंडून 'गोपाळा' निघाला तो इतका खणखणीत, की आम्ही सगळ्या कौतुकाने मामींकडे वळलो. मामींनी हौसेने तोंड उघडलं.

"गोपाला."

त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं. पुन्हा म्हणून पाहिलं. पुन्हा ल. जीभ वळेचना. डाव्या हाताने त्यांनी पदर तोंडावर दाबून धरला. पेटी थांबली.

तेवढ्यात नीलूने भाता ओढला आणि मान वर न करता गजर पुन्हा धरला, "गोपाला." तिच्यामागे, सगळ्यांच्या आधी, कुसुमवहिनी. मग आम्ही. मामी रडत होत्या. रडता रडताच पदर खाली आला आणि त्याही म्हणू लागल्या.

दिवाळीच्या आधी मामी गेल्या. मंडळ चाललंय रडतखडत. दाराजवळच्या त्या जागेकडे मला अजून बघवत नाही. कुणाचा ळ चुकला की आता नीलू पेटी थांबवते. गजरातला पहिला 'गोपाला' तेवढा आम्ही लनेच म्हणतो. परवा एक नवी बाई हसून म्हणाली, "अहो, हे चुकतंय ना तुमचं!"

कुसुमवहिनीने डोळे वटारले. "काही चुकत नाहीये. मामी असंच म्हणायच्या."