माझा लूप तिच्या हातात

ती मढहून होडीने वर्सोव्याला यायची, तिथून बसने अंधेरीला, तरी ऑफिसात माझ्याआधी हजर. मी घाटकोपरहून घामाघूम होऊन पोचायचे, तेव्हा बाईसाहेब टेबल पुसून कामाला लागलेल्या. माझं डोकं तिथूनच फिरायचं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमचं छोटं ऑफिस कंपायलर बनवत होतं, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम. त्यातला लूपचा भाग माझा. लूपमध्ये तेच काम पुन्हापुन्हा होतं. त्यातलं जे गणित दर फेरीत तेच उत्तर देतं, ते माझं कोड हुडकायचं आणि लूपच्या आधी नेऊन ठेवायचं, म्हणजे ते एकदाच होऊन वेळ वाचायचा. हा भाग माझ्याशिवाय कुणाला कळत नाही, याचा मला कोण माज!

साहेबांनी नेमका तोच तिला दिला. म्हणाले, फार गुंता झालाय, ही नीट लावेल, आणि जमलं तर पुढे हीच सांभाळेल. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. बाळ माझं, आणि न्हाऊमाखू घालणार ही! अट एकच होती: मांडणी बदलायची, वागणं नाही. जुन्या कोडमधून जे निघायचं, तेच नव्यातून निघायला हवं.

तिने माझ्या लांबलचक कोडचे छोटे तुकडे केले, प्रत्येकाला साधं नाव दिलं. लोक येऊन बघायचे आणि झकास म्हणायचे. मला कधी कुणी झकास म्हटलं नव्हतं. मनात म्हटलं, थांब, एक चूक सापडू दे, की भाग परत माझा.

एका सकाळी तिच्या कोडचे छापील कागद घेऊन बसले, आणि चहा येण्याआधी सापडली. लूपमध्ये 'आधी शून्य नाही ना बघ, मगच भागाकार कर' असं लिहिलं असलं, तरी हे कोड भागाकार उचलून लूपच्या आधी नेत होतं. तपासणी आतच राहायची. शून्य आलं की प्रोग्रॅमची वाट लागली. मी नाचायचीच बाकी होते. कागद थेट साहेबांपुढे ठेवले, तिलाही बोलावलं.

तिने शांतपणे वाचलं. "बरोबर आहे गं तुझं," ती म्हणाली. "पण ही चूक तुझ्या जुन्या कोडमध्येही असणार. दोन्हींतून काय निघतं ते मी जुळवून बघितलंय, काही फरक नाही."

साहेबांनी एकच छोटा प्रोग्रॅम दोन्हींतून काढून चालवला. दोन्हीकडे त्याच जागी आपटला. निदान चूक मी पकडली एवढं तरी ते म्हणतील, म्हणून मी उभी राहिले. ते म्हणाले, पण भलतंच.

"ही चूक इतकी वर्षं तुमच्या नाकासमोर होती. हिने नीट लावल्यावर एका सकाळीत दिसली. मला आणखी काय हवं?"

लूपचा भाग कायमचा तिच्याकडे गेला. तिचं काम किती चांगलं आहे, हे मीच आपल्या पायांनी चालत जाऊन सिद्ध करून आले होते. आजही आठवलं की जळतं.