भिंतीवरचा आठवडा

मंगळवार, सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं. 'मंगळवारी' असं मी आजकाल लिहीत नाही. का लिहीत नाही ते ऐका आणि मग हसायचं तेवढं हसा. आमच्या ओळीतल्या खोल्यांची अख्खी लाइन हसून बसली आहे, तुम्हीच कशाला मागे राहता?

आम्ही तेव्हा नागपूरला लागून असलेल्या वाडीला राहत होतो, ट्रान्सपोर्टच्या गोडाउनांमागे एका खोलीत. हे हिंगण्याला कंपनीत, फर्स्ट शिफ्टला. मला खेड्यातून येऊन चारच महिने झालेले, कडेवर आठ महिन्यांची शकू. नागपूर शहर म्हणाल तर बसच्या खिडकीतून दिसलं तेवढंच पाहिलेलं.

त्यात मामंजी आले, म्हणजे माझे सासरे. एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर हिरवी पट्टी. डॉक्टरांनी बजावलेलं, उन्हात फिरायचं नाही, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, नाहीतर डोळा जाईल. सासूबाई शेतीच्या कामात अडकलेल्या. त्यांनी निरोप तेवढा पाठवला, "त्यायचा डोळा आता तुह्या हातात हाय." असा निरोप आल्यावर कोणाला झोप लागेल, सांगा बरं?

रोज उठलं की एकच घोर, आज काय रांधू? यांचा डबा झणझणीत पाहिजे, मामंजींना फिकं पाहिजे, शकूला मऊ. एकदा तर हातात दोडका धरून मी रडत बसले होते, खोटं नाही सांगत. शेजारच्या कमलाबाईंनी ते पाहिलं.

"रोज रोज काहून जीव जाळतं वं? शाळेत असते तसं टाइमटेबल कर अन् लाव भित्तीले."

पटलं. मी सातवी पास, व्याकरणात बाईंची लाडकी. कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि ठसठशीत लिहिलं: सोमवारी भेंडी. मंगळवारी दोडका. बुधवारी वांगी. गुरुवारी मुगाचं वरण. शुक्रवारी उपास. शनिवारी कोहळं. इतवारी पाटोडी.

नुसतं 'सोमवार' नाही लिहिलं बरं का. केव्हा भेंडी? सोमवारी भेंडी. ही झाली सप्तमी विभक्ती. खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ लिहिली, 'मामंजी: तिखट बंद, तेल बंद, विडी बंद.' वर मथळा घालणार तोच शकू रडायला लागली आणि मथळा राहिला तो राहिलाच. तसाच कागद खिळ्याला अडकवला आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी शांत झोपले.

तर ते आठ वाजून दहा मिनिटं. नळाचं पाणी जायची वेळ, माझ्या एका हातात बादली, दुसऱ्या हातात शकू. मामंजी खाटेवर बसून म्हणाले, "सूनबाई, बसून बसून कटाळलो. काही आणाचं हाय काय?"

नळाच्या गलक्यात मी अर्धंच ऐकलं, वाटलं, आज जेवायला काय आहे असं विचारताहेत. पळता पळता म्हटलं, "समदं भित्तीवर लिहून ठेवलं हाय, मामंजी."

पाणी भरून आले तर खाट रिकामी. खुंटीवरची थैली नाही. भिंतीवर नुसता खिळा. कागदही गेलेला.

शकूला कडेवर मारलं आणि धावले. बाहेर अमरावती रोड, एकामागे एक ट्रक, आणि माणसाचा एक डोळा बांधलेला. पानठेला पाहिला, बसस्टॉप पाहिला, गोडाउनं पालथी घातली. कुठेच नाहीत.

कमलाबाईंनी विचारलं, "कागदावर त्यायच्याबद्दल काही लिहिलं होतं काय वं?"

"विडी बंद लिहिलं होतं."

"मंग झालं. रुसून गेले गावाले. माह्या सासऱ्यानं तं एका लोणच्याच्या फोडीसाठी घर सोडलं होतं. तू तं विडीवर हात घातला."

उन्हात, एस्टीच्या धक्क्यात, एका डोळ्यानं गावी निघालेले मामंजी मला समोर दिसायला लागले. बारा वाजता गोडाउनात धावले, तिथे फोन होता. मुनीमजींनी कंपनीला लावून दिला. जन्मात पहिल्यांदा फोन कानाला लावत होते. पलीकडून कोणी तरी विचारलं, निरोप काय? सांगायचं होतं, 'बाबा रुसून गावी गेले.' तोंडातून कसेबसे दोन शब्द निघाले.

"बाबा गेले."

पलीकडचा माणूस एकदम मऊ आवाजात म्हणाला, "धीर धरा, वहिनी." मला वाटलं, किती भला माणूस. आणि मी फोन ठेवला.

एक वाजता तीन मोटारसायकली येऊन थांबल्या. हे उतरले ते डोळे पुसतच. मागे पाच जण, डोक्याला रुमाल बांधलेले, एकाच्या हातात हार. मी तो हार पाहिला आणि काय समजायचं ते समजले. मामंजी ट्रकखाली आले, यांना रस्त्यातच कळलं. मी दारातच गळा काढला. मला रडताना पाहून यांचा उरलासुरला धीर सुटला. आम्हाला पाहून कमलाबाई रडायला लागल्या, शकू रडायला लागली, लाइन गोळा झाली. कोणी कोणाला काही विचारलं नाही. अशा वेळी विचारतात का?

बऱ्याच वेळानं ह्यांनीच हळूच विचारलं, "बाबांना कुठं ठेवलं?"

"मी कुठं ठेवू? तुमीच घेऊन आले ना?"

"मी? मी तं कंपनीतून येऊन राहिलो."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक ट्रक घरघरत थांबला. केबिनचं दार उघडून एका सरदारजीनं हात दिला आणि त्या हाताला धरून खाली उतरले मामंजी. डोळ्यावर हिरवी पट्टी, डोक्यावर ओला दुपट्टा. मागून सरदारजी दोन थैल्या आणि एक भलंमोठं कोहळं घेऊन आले.

मामंजींनी गर्दी पाहिली, रुमाल पाहिले, हार पाहिला. आवाज खाली आणून म्हणाले, "कोण गेलं गा?"

सगळ्यांनी कमलाबाईंकडे पाहिलं. शेवटी कमलाबाई पदराआडून म्हणाल्या, "तुमीच, मामाजी."

मामंजी खाटेवर बसले, पाणी प्याले आणि कागद काढून माझ्यासमोर धरला. "सूनबाई, तुही लिस्ट मोठी कडक हाय वं. सोमवारीतून भेंडी आणली, मंगळवारीतून दोडका, बुधवारीतून वांगी. गुरुवारी काही सापडली नाही. चार जणांले विचारलं, चौघायनं चार रस्ते दाखवले. इतवारीत पाटोडी मागतली तं दुकानदार हसाले लागला, म्हणे ते बेसनाची घरी रांधा लागते, मंग बेसन घेतलं."

आत्ता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी, इतवारी ही सगळी नागपुरातल्या बाजारांची आणि मोहल्ल्यांची नावं. मामंजी तीस वर्षं तिथे संत्री विकायला येत होते. त्यांना वाटलं, सून इतकी चोखंदळ की कोणती भाजी कोणत्या बाजारातून आणायची तेसुद्धा लिहून ठेवते.

"आणि शुक्रवारी?" ह्यांनी विचारलं.

"तिथं उपास लिहिला होता. मी पाणीबी घेतलं नाही."

आता सगळे हसले. हार आणलेला माणूससुद्धा. मला हसू येईना. मी विचारलं, "मामंजी, डोळा?"

"डोळ्याले काय झालं? वजन मी उचललंच नाही. जिथं गेलो तिथं पट्टी दाखवली, लोकायनं उचलून देल्लं."

तरी पट्टी सुटेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी ती काढली. डोळा शाबूत. घरी आल्यावर मामंजींनी त्या नव्या डोळ्यानं पहिल्यांदा वाचलं ते कागदावरचं बारीक अक्षर.

"विडी बंद? हे कोणं लिहिलं वं?"

टाइमटेबल मग लागलंच नाही. आठवड्याची भाजी एकदम घरात आली होती, जी आधी सुकेल ती आधी रांधायची, एवढंच उरलं. पहिल्या दिवशी भेंडी, मग वांगी, मग दोडका, कोहळं सगळ्यात शेवटी. आजही माझ्या घरी तसंच चालतं आणि दोडका हातात धरून मी पुन्हा रडले नाही.

सातवी पास मी, आणि सप्तमीनंच माझा घात केला. भिंतीवर ती गरज नसताना लावली आणि फोनवर 'गावी' म्हणायचं तेव्हा गिळून टाकली.

आता तुमच्याकडे एक काम आहे. ह्यांच्या कंपनीतून ती बातमी आमच्या गावाकडेही पोचली आणि अजून कोणी ना कोणी डोक्याला रुमाल बांधून दारात येतं. चहा मामंजीच देतात. तेव्हा काटोलच्या बाजूला, आमच्या गावाकडे, जाणारं कोणी भेटलं तर तेवढं सांगा की मामंजी गेले होते खरे, पण बाजारात. 'बाजारात' आधी सांगा, 'गेले' मागून.