म्हातारीची घंटा

घुम्याचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल. वस्तीत ते कुणाला आठवत नव्हतं. तो बोलत नसे म्हणून घुम्या. वयाचा मान राखायचा म्हणून लहानांनी त्याचं घुमेकाका केलं होतं. बायको होती तोवर ती दोघांच्या वाट्याचं बोलायची. ती गेल्यावर तिचा वाटा उचलणं त्याला काही जमलं नाही. आता मधूनअधून मुलीचा फोन यायचा. "बाबा, जेवलात?" "हं." "पाऊस?" "नाही." एवढ्यावर दोघांचं समाधान व्हायचं, निदान तसं दोघंही दाखवत.

पाऊस तसा झाला होता. मागच्या वर्षी, एका दुपारी, वर्षभराचा. कुंपणाचे खांब उपटून आणि कुरणावरची माती धुऊन तो गेला, मागे धोंडे ठेवून. सरकारी सरासरीत तो व्यवस्थित बसला, त्यामुळे कागदावर दुष्काळ जरा उशिराच पोचला. कुरणावर मात्र तो वेळेवर हजर होता. त्यानंतर चौदा महिने थेंब नाही. पत्र्याचा गोठा असा तापायचा की गुरं सावली सोडून उन्हात उभी राहायची. टँकर यायचा तेव्हा यायचा.

शेवटी चोवीसपैकी तेवीस गुरं चाऱ्याच्या मुलखात विकून टाकायचं ठरलं. चोविसावी म्हातारी. सतरा वर्षांची, भाकड, एक शिंग मोडलेलं, गळ्यात पितळी घंटा. ती निघाली की कळप निघायचा, ती वळली की वळायचा. आता ती गेली असती तर घुम्याच्या अंगणात दुसरा श्वास उरला नसता. एका जनावरापुरतं पाणी कसंही भागेल, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

गुरं गाडीत चढवायची तिथली एक रीत होती. घंटेवाली आधी फळीवरून वर जायची, मागोमाग बाकीची. मग पुढच्या छोट्या दारातून तिला बाहेर काढायचं. पण सकाळी जी गाडी आली तिला ते दारच नव्हतं.

"नवीन गाडी आहे काका," ड्रायव्हर अभिमानाने म्हणाला. "पुढून सगळी बंद."

घुम्याने म्हातारीची घंटा काढून घेतली आणि तिला गोठ्यात बांधून टाकलं.

अर्धा तास दोघं खपले. एकही जनावर फळीवर पाय ठेवीना.

"काका, यांना पत्रिका छापून आमंत्रण द्यायचं का आता? ती म्हातारी आणा की पुढे."

"ती नाही द्यायची," घुम्या म्हणाला. त्या आठवड्यातलं हे त्याचं सर्वांत लांब वाक्य होतं.

मग तो स्वतःच घंटा वाजवत फळी चढला.

"अहो, तुम्हाला नाही नेत मी!" ड्रायव्हर हसून लोळायचा बाकी राहिला.

पण कळप हलला. इतकी वर्षं तो म्हातारीच्या मागे चालतो असा सगळ्यांचा समज होता. तो आवाजाच्या मागे चालत होता. पुढारीपणाचं बरंचसं असंच असतं. तेवीसच्या तेवीस गुरं मुकाट वर गेली.

एक गोष्ट मात्र घुम्याच्या ध्यानात आली नाही. सतरा वर्षांत म्हातारीने आपली घंटा लांबून कधी ऐकलीच नव्हती. आज ऐकली. गोठ्यातलं जुनं दावं तटकन तुटलं आणि घुम्याने गाडीच्या पुढच्या टोकाकडून, गुरांच्या पाठींवरून पाहिलं: सगळ्यांच्या मागून ती लगबगीने फळी चढत होती. ड्रायव्हरने खाडकन गाडीचा मागचा फाळका लावला.

"चोवीस! वर एक जास्तीची आली काका!"

घुम्या बाजूच्या फळ्यांवरून कसाबसा खाली उतरला. गुडघा सोलला होता.

"उघड."

"उघडलं की सगळी बाहेर. माझा दिवस गेला मग."

"तिला काढायची आहे."

"कशी? घंटा वाजवलीत तर अख्खी वरात येईल."

घुम्याने खांद्यावरचं फडकं घंटेत गच्च कोंबलं. ड्रायव्हरने कपाळावर हात मारून फाळका उघडला. आता तिला हाक मारायला हवी होती, आणि हाक मारणं हे खातं बायकोचं होतं. ती काय म्हणायची?

"ये गं बाई."

बंद पडलेल्या पंपासारखा आवाज निघाला. म्हातारी हलली नाही. त्याने दुसऱ्यांदा हाक मारली. तिसऱ्यांदा त्याने छातीतलं होतं नव्हतं ते सगळं लावलं. "ये गं बाई, चल घरी!"

कान वळले. मग मान. म्हातारी वळली आणि एकेक खूर चाचपत खाली आली. बाकीची तेवीस तोंडं पुढेच होती, घंटा शेवटची वाजली होती तिकडे.

"बोलता की काका!" ड्रायव्हर म्हणाला. त्याने हॉर्न वाजवला नाही. फाळका लावला आणि निघून गेला.

संध्याकाळी फोन आला.

"बाबा, गाडी गेली?"

"हं."

"काय करताय?"

नेहमीच्या हिशेबाने इथे 'काही नाही' यायचं. घुम्याने फाटकाकडे पाहिलं. "म्हातारी रस्त्याकडे तोंड करून उभी आहे. दुपारपासून. पाणी ठेवलंय, येत नाही. हाका मारतोय."



"मारा तुम्ही हाका," मुलगी म्हणाली. "मी आहे फोनवर."