नळावरची पाटी

मंडळी, आज डोकं लई तापलंय.

मी रेणापूरची. लेक डॉक्टरकीच्या प्रवेशाची तयारी करायलीय, म्हणून लातुरात खोली केलीय. आमच्या वाड्यात सगळ्या अशाच आया. पोरी क्लासला गेल्या की आम्ही नळावर भांडी घासायला जमतो. तिथं मी एक पाटी टांगलीय. रोज एक अवघड इंग्रजी शब्द लिहायचा, खाली त्याचा अर्थ.

आज लिहिलं होतं, "टेनेशियस म्हणजे चिवट."

घरमालक आले आणि ओल्या फडक्यानं पाटी पुसून टाकली. वर म्हणाले, "ताई, शिकायला पोरी हायत की. तुम्ही भाकरीचं बघा."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात इस्लापूरच्या सुमनताई कढई घासता घासता मोठ्यानं म्हणाल्या, "टेनेशियस म्हणजे चिवट!" पलीकडच्या काकूंनीही म्हटलं. मग सगळ्याच जणींनी. मालक फडकं पिळत निघून गेले.

भाकरीचं रोज बघतोच की, मालक. आता शब्दाचंही बघणार.

उद्याचा शब्द तुम्ही सुचवा. पण अवघडच पाहिजे, सोपा चालणार न्हाई.