तीन पॉइंट एकचा आनंद

शशिकांत सबनीस मूळचे लातूरचे. बढतीच्या मागे धावत कोलकात्यात गार्डन रीचला रेल्वेच्या हिशेब खात्यात येऊन पोचलेले. साहेबांची ख्याती एकच. आकड्यांचा तक्ता समोर आला की नजर आधी मथळ्यावर: रक्कम हजारांत की लाखांत? हे न लिहिता कुणी तक्ता आणलाच, तर साहेबांचा चहा संपेपर्यंत त्याने उभं राहायचं. कारकून पाठीमागे त्यांना 'हजारबाबू' म्हणत. साहेबांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

दुसऱ्या लाटेत त्यांच्या पत्नीला, अपर्णाताईंना, करोना झाला. ताप उतरला, बोटाला लावायचं यंत्र ऑक्सिजन सत्त्याण्णव दाखवू लागलं. तरी डॉक्टरांनी बजावलं होतं की रक्तात गुठळ्या होत असतील तर डी-डायमर नावाचा घटक वाढतो; आकडा चढला तर लगेच फोन करा, बाईंना घरी ठेवायचं नाही. पहिला आकडा आला सहाशे चाळीस. हवा पाचशेच्या आत. साहेबांचं जेवण सुटलं.

मग त्या लॅबची माणसंच आजारी पडली, शटर खाली आलं. पुढचा नमुना दुसरीकडे गेला आणि मोबाइलवर रिपोर्ट आला: तीन पॉइंट एक.

सहाशे चाळीसवरून थेट तीन! साहेबांनी दोन्ही रिपोर्टांचे फोटो मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकले, खाली लिहिलं, 'आमच्या सौंनी गुठळ्यांचा धुव्वा उडवला.' अंगठ्यांचा पाऊस पडला. अपर्णाताई म्हणत होत्या की डावी पोटरी ठणकतेय. साहेबांनी त्यांची चेष्टा केली, की आजार गेला, आता लाड करून घ्यायला पोटरी उरली. डॉक्टरांना फोन केला नाही. आकडा चढला तरच करायचा होता ना!

दुसऱ्या दिवशी दुपारी, ते फोटो पाहून, डमडमहून ऋताचा फोन आला. ऋता म्हणजे ग्रुपवरच्या विनीताताईंची लेक, इथेच वाढलेली, नुकती डॉक्टर झालेली. मराठी अडखळत बोलायची.

"काका, युनिट वेगळा आहे. आधी नॅनोग्राम होता, हा मायक्रोग्राम. हजारने गुणायचं."

"म्हणजे?"

"तीन हजार शंभर. काकूंना दम लागतोय का?"

साहेबांनी मान वळवली. अपर्णाताई न्हाणीघरातून येता येता दाराची चौकट धरून उभ्या होत्या. ओठ पांढरे पडलेले. चार पावलं चालल्या होत्या फक्त.

इस्पितळात स्कॅन झाला. पायातली गुठळी फुफ्फुसात जाऊन बसली होती. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, रिपोर्ट कधी आला? साहेब म्हणाले, काल सकाळी. डॉक्टरांनी वर पाहिलं आणि ते आत निघून गेले. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. साहेब भिंतीला टेकून उभे राहिले. आपण काल हसत होतो, एवढंच त्यांना आठवत होतं.

रक्त पातळ करणारं औषध सुरू झालं. धोका टळलेला नव्हता, पण तिसऱ्या दिवशी नर्सने फोन लावून दिला.

अपर्णाताईंचा आवाज मास्कमधून येत होता. "रिपोर्ट तर चांगला आला होता ना हो?"

"नाही," साहेब म्हणाले. "मी वाचायला चुकलो."

पलीकडे मास्कमधून श्वास ऐकू येत होता. साहेब तो श्वास मोजल्यासारखा ऐकत राहिले.

"बरं," त्या म्हणाल्या. "आता ठेवा. बोलताना दम लागतो मला."

त्यांनी फोन ठेवला. साहेबांना मात्र कानाचा मोबाइल काढवेना.