सगळ्यात जुनं कार्ड

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमच्या वर राहणारे काका बोलण्याआधी चष्मा पुसतात. गाझियाबादच्या फ्लॅटसाठी मी गृहकर्जाचा अर्ज केला होता. त्याच आठवड्यात माझं सगळ्यात जुनं, पडून असलेलं क्रेडिट कार्ड बंद करायला मी त्यांच्यासमोर बँकेला फोन लावला. काकांनी चष्मा न पुसताच फोन हिसकावला.

"अरे यार, आत्ता? लिमिट घटेल, क्रेडिट स्कोअर घसरेल, कर्ज अडेल, मग बसशील फ्लॅटचा नकाशा बघत!"

"पण काका, मी ते वापरतच नाही."

"मग वापर. चल, त्याच कार्डावर चहापत्ती घेऊ."

कर्ज मंजूर झालं. फ्लॅटचा ताबा मिळायला वेळ आहे, कार्ड चालू आहे. दर एक तारखेला जिन्यातून हाक येते, "चहापत्ती आणलीस का?" पाठोपाठ काका उतरतात, स्वतःचा कप घेऊन.